झोप परत परत बिघडते तेव्हा: बिघाड नक्की कुठे आहे ते कसं शोधायचं आणि काय करायचं

झोपेचा त्रास ज्यांना आहे त्यांना हे माहितीच असतं की हा प्रॉब्लेम एकदा सुटला म्हणून कायमचा सुटत नाही. दोन-चार महिने मस्त जातात, मग घरात लग्न निघतं नाहीतर पोराची बारावी येते, कंपनीत शिफ्ट बदलते, कधी नुसता आठवडाभर खोकला होतो, आणि तिथून पुन्हा रात्री दोनला पंख्याकडे बघत टक्क जागं पडणं सुरू. मी नाशिकमध्ये स्टाफ नर्स आहे, तिन्ही ड्युट्या लागतात, मिस्टर अंबड एमआयडीसीत रोटेशन शिफ्टला, त्यामुळे आमच्या सिडकोतल्या घरात कोणी ना कोणी कायम भलत्या वेळी झोपलेलं असतं. बिल्डिंगमधल्या वहिनी, गावाकडचे दीर, वॉर्डातल्या पेशंटचे नातेवाईक, सगळे हेच विचारतात आणि सगळ्यांना एकच उत्तर मिळालेलं असतं की गरम दूध घ्या, मोबाईल बाजूला ठेवा. ते चुकीचं नाहीये, पण महिनोन्महिने मुरलेला त्रास तेवढ्याने जात नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. झोप बिघडते एका कारणाने आणि बिघडलेली राहते वेगळ्याच कारणाने. बिघडते टेन्शनने, आजारपणाने, शिफ्टने. पण टेन्शन सरलं, आजार बरा झाला तरी झोप का येत नाही, तर गेलेली झोप भरून काढायला आपण जे जे करतो त्यानेच ती अडून बसते. म्हणजे काय, तर नऊलाच आडवं होणं, सकाळी जाग आली तरी लोळत राहणं, दुपारी दोन तास ताणून देणं, रविवारी अकराला उठणं. वाटतं की शरीराला आराम देतोय, प्रत्यक्षात रात्रीची झोप आपणच तोडून टाकतो.

हे असं का होतं ते एकदा नीट कळलं की पुढचं सगळं पटतं. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेचा दाब, आपण जागे असतो तेवढा वेळ मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि जितकं साठेल तितके डोळे जड होतात, झोपलो की ते उतरतं. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, ते मेंदूतच आत असतं आणि डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर रोज लावलं जातं. बोर्बेली नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने 1982 साली या दोन गोष्टींची सांगड घालून दाखवली आणि अजूनही झोपेचे डॉक्टर त्यावरच विचार करतात. आता दुपारी चारला दोन वडापाव खाल्ले तर रात्रीचं जेवण जात नाही ना, तसंच दुपारी पाचपर्यंत झोपलं की रात्री अकराला दाबच नसतो. आणि उठायची वेळ रोज वेगळी असली की घड्याळाला कळतच नाही सकाळ कधी धरायची. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला अप-डाऊन करणारे कितीतरी जण सोमवार ते शुक्रवार पाचला उठतात आणि शनिवार-रविवार दहापर्यंत झोपतात, मग रविवारी रात्री कूस बदलत बसतात आणि सोमवारच्या ऑफिसला दोष देतात. ऑफिसचा दोष असेलही, पण रविवारी रात्रीचं कारण रविवारी सकाळीच घडलेलं असतं.

तर पहिलं काम, औषध नाही, गोळी नाही, एक वही. साधी शाळेची वही घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळी चहा घेताना लिहा की आडवं कधी झालो, अंदाजे डोळा कधी लागला, मध्ये किती वेळ जागे होतो, अंथरुणातून उठलो कधी, दुपारी किती झोपलो, शेवटचा चहा कधी घेतला. सगळं अंदाजानेच लिहायचं, रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, कारण घड्याळ बघितलं की मेंदू लगेच हिशोब मांडतो, "तीन वाजले, म्हणजे आता तीनच तास उरले", आणि तेवढ्यावर उरलेली झोप पण जाते. भिंतीवरचं घड्याळ त्या खोलीतून काढा, मोबाईल पालथा आणि हाताला लागणार नाही असा ठेवा, अलार्म असला तरी तो लांबूनही वाजतो. मनगटावरच्या बँडवर फार जाऊ नका, तो हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतो, आणि काही लोकांना तर त्यातला स्कोअर बघूनच टेन्शन येतं.

वही भरली की बहुतेक वेळा दिसतं की माणूस अंथरुणात साडेआठ तास आहे आणि झोपतोय साडेपाच. म्हणजे पडून असलेल्या वेळातली जेमतेम 65 टक्केच झोप. बाकीचे तीन तास गादीवर जागं राहून मेंदूला सवय लागते की गादी ही विचार करायची जागा आहे. सोफ्यावर टीव्ही बघताना पेंग येते आणि गादीवर पाठ टेकली की डोळे टक्क उघडतात, हे ज्यांना होतं त्यांचं हेच झालेलं असतं.

यावरचा उपाय ऐकायला उलटा वाटतो पण जुन्या निद्रानाशावर त्याच्याइतकं काम करणारं दुसरं काही नाही असं माझं मत आहे. अंथरुणातला वेळ कमी करायचा. उठायची वेळ पक्की, समजा साडेसहा, आणि ती सुट्टीच्या दिवशीही तीच, आदल्या रात्री कितीही वाईट झोप झाली तरी तीच. मग झोप खरी जेवढी होते तेवढ्याला अर्धा तास जोडून उलटं मोजायचं, म्हणजे या उदाहरणात साडेबाराच्या आधी गादीवर जायचंच नाही. पहिला आठवडा जड जातो, खोटं कशाला सांगू, संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतात, त्यावेळी उठून खाली जिन्याने उतरायचं, भाजी आणायची, कोणाशी तरी बोलायचं पण आडवं व्हायचं नाही. आठ-दहा दिवसांत झोप सलग व्हायला लागते. अंथरुणातल्या सहा तासांपैकी साधारण सव्वापाच तासांच्या वर झोप व्हायला लागली की झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची, परत आठवडाभर बघायचं, परत पंधरा मिनिटं. पाच तासांच्या खाली अंथरुणातला वेळ कधीच नेऊ नका. आणि हे सगळ्यांसाठी नाही, जे प्रेस मशीनवर किंवा क्रेनवर काम करतात, ट्रक-बस चालवतात, ज्यांना फिट येते, किंवा बायपोलरचा आजार आहे, त्यांनी स्वतःच्या मनाने हे करायचं नाही, डॉक्टरच्या सांगण्यानेच. पहिल्या आठवड्यातली पेंग मशीनपुढे बोटांवर बेतू शकते.

या सगळ्या पद्धतीला डॉक्टर लोक सीबीटी-आय म्हणतात, निद्रानाशासाठीची वागणूक आणि विचार बदलायची थेरपी. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये सांगितलं की मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशाला पहिला उपचार हाच द्या, गोळ्या त्यानंतर. आपल्याकडे मात्र अजून सुरुवात गोळीनेच होते याचं मला फार वाईट वाटतं.

मध्यरात्री जाग आली तर काय, यावर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. जाग येणं हा बिघाड नाही, सगळ्यांनाच रात्रीत काही वेळा जाग येते आणि आठवतही नाही. बिघाड म्हणजे परत न झोपणं. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं, किंवा चिडचिड सुरू झाली, की गादीवरून उठायचं. आता पुस्तकात लिहिलेलं असतं दुसऱ्या खोलीत जा. वन रूम किचनमध्ये पाच माणसं झोपलेली असताना दुसरी खोली कुठली? मग किचनच्या ओट्याजवळ स्टूल टाका, गॅलरीत बसा, तेही नसेल तर गादी सोडून भिंतीला टेकून बसा, गादीवर नाही एवढंच महत्त्वाचं. मोठी ट्यूब लावायची नाही, झिरोचा बल्ब पुरतो. हाताला काहीतरी कंटाळवाणं काम पाहिजे. आमच्या घरी वाटाणे सोलायचे नाहीतर लसूण सोलायचा ठेवलेला असतो, माझे मिस्टर लसूण सोलतात, अख्खी वाटी कधीच भरत नाही, त्याच्या आधीच डोळे मिटायला लागतात. नुसता थकवा आला म्हणून परत गादीवर जायचं नाही, पापण्या खाली पडायला लागल्या की मगच जायचं. नाही आली झोप तर परत उठायचं. एका रात्रीत दोन-तीनदा पण करावं लागतं. पण वेळ काहीही असो, सकाळी उठायचं साडेसहालाच.

डोक्यात विचार चालूच राहतात म्हणून झोप येत नाही, हे ज्यांचं आहे त्यांनी संध्याकाळी सात-साडेसातला, रात्री नाही, एका कागदावर डोक्यातलं सगळं उतरवायचं. हप्ता, पोरीची फी, सासऱ्यांचं ऑपरेशन, जे असेल ते, आणि प्रत्येकापुढे उद्याचं एकच पुढचं काम लिहायचं. "पैशांचं बघायचं" असं नाही, "सोमवारी बँकेत जाऊन विचारायचं" असं. काम ठरलं की रात्री मेंदू ते परत परत उगाळत नाही.

आता शिफ्टवाल्यांचं, म्हणजे आमचंच. सातपूर, अंबड, सिन्नरकडचे सगळे, नर्सेस, सिक्युरिटीवाले, पोलीस. आणि शेतकऱ्यांना यात का मोजत नाहीत मला कळत नाही, शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी येते तेव्हा पाणी भरायला रात्री दोनला वावरात जाणारा माणूस शिफ्टवालाच आहे, आणि निफाडकडे थंडी कडाक्याची पडली की द्राक्षबागायतदार बाग वाचवायला रात्रभर शेकोट्या पेटवून जागतात. त्यांच्या झोपेचं खोबरं होतं आणि वरून सकाळी मजूर आलेलेच असतात.

शिफ्टवाल्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की धरायची की शरीराचं घड्याळ दिवसाला फार तर तासभर सरकतं. म्हणजे आठवड्याची नाईट असेल तर ते पूर्ण वळायच्या आतच पाळी बदलते. ते वळत नाही हा तुमचा कमकुवतपणा नाही, "तुला सवय होत नाही का अजून" असं कोणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. म्हणून नाईटच्या आठवड्यात पूर्ण दिवस उलटा करायचा प्रयत्न सोडून झोपेचे दोन तुकडे करायचे. नाईट संपवून आलं की थोडं खाऊन लगेच साधारण सकाळी आठ ते दुपारी साडेबारा-एकपर्यंत मोठा तुकडा, आणि रात्री ड्युटीला निघायच्या आधी तास-दीड तासाचा दुसरा. सकाळचा तुकडा रोज त्याच वेळी ठेवला, आणि मधल्या सुट्टीच्या दिवशी पण झोपेचा थोडा तरी भाग त्याच वेळेत ठेवला, की शरीराला धरायला काहीतरी ठिकाण मिळतं. नाईटचं चक्र संपलं त्या दिवशी मात्र फक्त दोनेक तास झोपून दुपारच्या आत उठायचं, संध्याकाळपर्यंत ताटकळायचं आणि रात्री नेहमीच्या वेळी झोपायचं.

दिवसा झोपायची खरी लढाई असते घराशी. उजेड आणि आवाज. खिडकीला नुसता पडदा पुरत नाही, काळा चार्ट पेपर सेलोटेपने काचेला लावा, पन्नास-साठ रुपयांत काम होतं, दरवाज्याच्या फटीतून उजेड येतो तिथे जुनी चादर. सकाळी घंटागाडी, भाजीवाला, भंगारवाला, समोरच्या घराचं फर्निचरचं काम, हे काही बंद होणार नाही, कानात इअरप्लग घाला आणि टेबलफॅन फुल करा, त्याच्या एकसारख्या आवाजात बाकीचे आवाज बुडतात. दाराची बेल बंद करून ठेवा. घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं की हे झोपणं म्हणजे आराम नाही, रात्रीच आहे आमची. रात्री बाराला आपण कोणाला उठवून "गॅसची टाकी आली" म्हणतो का? तसंच हे सकाळी दहाचं. बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं, नर्स नाईट करून आली तरी डबा, धुणं तिच्याच वाट्याला आणि झोप मग उरलीच तर. घरातल्यांनी यात बदलायलाच पाहिजे, इअरप्लगने हे सुटत नाही.

येताना गाडीचं जपा. सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात 0.05 टक्के दारू असलेल्या माणसाइतकी उतरते असं 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं होतं, आणि आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादाच 0.03 आहे. नाईट करून त्र्यंबक रोडने किंवा हायवेने बाईकवर येताना डोळे चिकटत असतील तर निघायच्या आधी कंपनीतच वीस मिनिटं खुर्चीत डुलकी काढा, कंपनीची बस असेल तर बसच घ्या. गार वारं लागल्याने पेंग जात नाही, फक्त गेल्यासारखी वाटते.

चहा. नाशिकच्या माणसाला चहा सोडा म्हणणं मला पण जड जातं, म्हणून सोडा म्हणत नाही, वेळ बदला. कॅफिन नेमकं त्या ॲडेनोसिनचीच जागा अडवून बसतं, आणि शरीरातलं अर्धं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्तच. संध्याकाळी सहाचा कडक चहा रात्री अकराला पण अर्धा अंगात असतो. दिवसपाळीला दुपारी तीननंतर बंद, नाईटला असाल तर शिफ्टच्या पहिल्या अर्ध्यातच काय तो घ्या, पहाटे पाचचा कप सकाळची झोप खातो. तंबाखू, मिश्री, सिगरेट यातलं निकोटिन पण झोप उडवणारंच आहे, "बार भरल्याशिवाय झोप येत नाही" वाटतं ते व्यसनाची तलफ शांत होते म्हणून. आणि दारूने झोप लागते पटकन पण ती उतरायला लागली की दोन-तीनला जाग येते, शिवाय घोरणं वाढतं. मध्यरात्री जाग येण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या पुरुषांना मी पहिलं हेच विचारते.

जायफळ घातलेलं दूध आमच्या सासूबाई आजही देतात, चिमूटभर असेल तर घ्या, पण झोप येईना म्हणून अर्धं जायफळ उगाळू नका, जास्त झालं तर उलट्या, भास, छातीत धडधड असलं सगळं होतं.

डीजेचा, लाऊडस्पीकरचा त्रास असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत लाऊडस्पीकरला बंदी आहे, 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे. काही सणांना सरकार बारापर्यंत सूट देतं, बाकी दिवशी 112 ला फोन करा, संकोच करू नका.

झोपेच्या गोळ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं वाईट नाहीत, डॉक्टर थोड्या दिवसांसाठी देतात तेव्हा कारण असतं. पण ती शेड्यूल एच-वन मध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरला नोंद ठेवायची. तरी ओळखीवर मिळतात, शेजारचे काका आपल्या स्ट्रिपमधल्या दोन देतात, आणि मग महिनाभराने अर्ध्याची एक, एकाची दीड होते. वयस्कर माणसं रात्री बाथरूमला उठताना पडतात, खुब्याचं हाड मोडून ॲडमिट होतात, हे मी वॉर्डात बघते. आणि जे वर्षभर घेतायत त्यांनी हे वाचून आज रात्रीपासून बंद करायची नाही. एकदम बंद केली तर झोप आणखी उडते, हातपाय कापतात, फिट पण येऊ शकते. डॉक्टरकडे जाऊन हळूहळू कमी करून घ्यायची.

काही त्रास असे असतात की वही आणि शिस्त यांनी काहीच होणार नाही, तिथे वेळ घालवू नका. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास थांबून गुदमरून जाग येणं, सकाळी डोकं जड आणि दिवसा सिग्नलला पण डोळा लागणं, हा स्लीप ॲप्निया असू शकतो, त्याला झोपेची टेस्ट लागते आणि मशीन लावून खूप फरक पडतो. रात्री पडल्यावर पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर लोह तपासा, रिपोर्टमध्ये फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघायला सांगा, बायकांमध्ये हे फार राहून जातं. रात्री चार-चारदा लघवीला उठणं म्हणजे शुगर बघायची. धडधड, घाम, वजन उतरणं, तर थायरॉइड. आणि पहाटे चारला जाग येते, मन उदास, दोन आठवडे कशातच रस नाही, जेवण नको, किंवा जगणं नको वाटतं, तर हा फक्त झोपेचा विषय नाही. टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री तीनला पण लावा.

आठवड्यातल्या तीन किंवा जास्त रात्री आणि सलग तीन महिने असं चाललं असेल तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात, पण दाखवायला तीन महिने थांबायचं बंधन नाही.

आणि परत आलं तर? येणारच कधीतरी. दोन-तीन रात्री खराब गेल्या की लगेच सगळे नियम बसवत बसू नका, फक्त एवढंच बघा की सकाळची उठायची वेळ हलली नाहीये ना आणि दुपारची झोप वाढली नाहीये ना. या दोन गोष्टी धरून ठेवल्या तर बहुतेक वेळा आपोआप रुळावर येतं. आठवडा झाला तरी येत नसेल तर वही परत काढायची आणि अंथरुणातला वेळ पुन्हा कमी करायचा, पहिल्यापेक्षा दुसऱ्या वेळी लवकर जमतं. त्यानेही महिनाभरात फरक नाही पडला तर सरळ डॉक्टरकडे जा, जाताना ती वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप, आणि घोरत असाल तर घरच्यांनी रात्री मोबाईलवर काढलेला एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ घेऊन जा, ओपीडीच्या पाच मिनिटांत तोंडी जे सांगून होत नाही ते त्यातून डॉक्टरांना दिसतं.